पाठीवरची करवंटी

माकेरिताच्या घराला भिंती नव्हत्या. दूर समुद्रातल्या बेटावरच्या त्या गावात कोणाच्याच घराला नव्हत्या. खांब, वर छप्पर आणि खाली चटया, झालं घर. त्यामुळं कोणाकडं काही घडायला लागलं की गावाला बोलावणं धाडावं लागत नसे. त्या दुपारी तर सगळं गाव लोटलं होतं. बायका खांबांना टेकून बसल्या होत्या, पुरुष पायरीवर, आणि पोरं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून बघत होती. अंगणात वाइओलाची पांढऱ्या फरशीची कबर होती. बसायला जागा उरली नाही म्हणून चारजणी तिच्यावरच टेकल्या. त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. घरचं माणूस घरासमोरच निजवायचं, ही तिथली रीत.

मधल्या चटईवर मासिना आडवी झाली होती. ती माकेरिताची सून. आठवा महिना लागलेला, पाय घोट्यापासून सुजून जड झालेले. तिच्या पायाशी लेमाना बसला होता. झाडपाला देणारा, लचक काढणारा आणि भुतं उतरवणारा म्हणून त्याचं सबंध बेटावर नाव होतं. तशा गावात खोबरेल लावून हलक्या हातानं पोट चोळणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. बिचाऱ्या काम करून घरी जायच्या, त्यांचं कोणाशी वाकडं नव्हतं. लेमानाचं तसं नव्हतं. त्याला बघायला माणसं लागायची.

"कोणी बोलू नका," तो म्हणाला. कोणी बोलत नव्हतंच. "ती आली आहे."

त्यानं मासिनाच्या नडगीवर पंजा दाबून धरला, डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायला सुरुवात केली. पुटपुटणं लांबलं. पोरंसुद्धा चुळबुळ करायची थांबली.

"ती म्हणतेय, मला गार लागतंय. ती म्हणतेय, माझा निळा झगा हिला कोणी दिला?"

माकेरितानं तोंडावर हात घेतला. झगा तिनंच दिला होता. वाइओला तिची लेक. दोन वर्षांमागं पोटातल्या बाळासकट गेली. सुनेला पोटाशी सैल असं काही हवं म्हणून माकेरितानं लेकीचा झगा पेटीतून काढून दिला होता. आता मासिनाच्या अंगावर वाइओलाचा झगा आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण तेच भुताच्या तोंडून आलं आणि गावाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"बघा!" लेमानानं पंजा उचलला.

नडगीवर खड्डे पडले होते. एक अंगठ्याचा, चार बोटांचे. हात निघाला तरी खड्डे तसेच राहिले.

"माझे हात तर हे बघा, वर आहेत," लेमाना दोन्ही पंजे हलवत म्हणाला. "मग ही बोटं कोणाची? कोणी धरलाय हा पाय?"

माकेरिता गुडघ्यांवर सरकत पुढं आली. तिनं त्या खड्ड्यांवरून हळूच हात फिरवला. "माझ्या पोरीची बोटं अशीच बारीक होती हो," म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. मग बायकाही रडायला लागल्या.

आणि मासिना? ती शहाणीसुरती बाई होती. लग्नाआधी राजधानीत शाळेवर होती, पाचवीच्या पोरांना विज्ञान शिकवायची. तिनं उठून बसायचं आणि म्हणायचं, काय थोतांड चालवलंय. पण ती घामानं ओली होऊन पडून राहिली. कारण वाइओला तिला भेटत होती.

कित्येक दिवस हे चाललं होतं. दुपारची सामसूम झाली, वारा पडला, ती चटईवर पाठ टेकून आडवी झाली, की थोड्या वेळानं कोणीतरी छातीवर येऊन बसायचं. हळूच. ओळखीचं माणूस बसतं तसं. मग श्वास पुरेनासा व्हायचा, कानांत शिट्टी वाजायची, समुद्राचा आवाज लांब लांब जायचा. डोळे उघडे असायचे आणि समोर ती पांढरी कबर. ओरडावं म्हटलं तर घशातून शब्द निघत नसे. कधी पोटरीला अशी कळ यायची, की कोणी मूठ आवळून धरलीय. एकदा तिनं घाबरून सासूला सांगितलं, आणि सासू पळत लेमानाकडं गेली.

लेमानानं उपाय दिला. नारळाची अर्धी करवंटी, धुरात काळी केलेली, तेल चोळलेली. काथ्याच्या दोरीनं ती मासिनाच्या कमरेला मागच्या बाजूनं बांधली, फुगीर बाजू बाहेर.

"भूत पाठीमागून चढतं," तो म्हणाला. "म्हणून पाठीवर पहारा. निजताना सोडायची नाही. सोडलीस तर मी जबाबदार नाही. आणि दवाखान्याचं नाव काढायचं नाही. हे डॉक्टरचं दुखणं नव्हे, हे बाहेरचं आहे. बाहेरच्याला सुई चालत नाही. सुई टोचली की ते चवताळतं."

मासिनाचा नवरा एनेलिको खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली. सुईचं काय होतं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. वाइओला त्याची थोरली बहीण. लेमाना नको नको म्हणत असताना त्यानंच तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली होती. तिथं तिला सुई दिली आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती गेली. तेव्हापासून तो दवाखान्यावरून जाताना गाडीची काच वर करायचा.

लेमाना पैशाला हात लावत नसे, सभ्य गृहस्थ. घरातली सगळ्यात जुनी, रेशमासारखी मऊ चटई काखोटीला मारून तो निघाला, आणि जाता जाता माकेरिताचं एक डुक्करही पुढं घालून हाकत नेलं.

पण खरं सांगायचं तर करवंटीचा गुण आला! त्या दिवसापासून छातीवर कोणी बसलं नाही. झोप लागली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माकेरितानं चर्चमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. मग काय विचारता, लेमानाला करवंट्या पुरेनात. शेजारची फोगा, तिला सातवा होता आणि तिच्याही छातीवर कोणीतरी बसत होतं, तिनंही बांधली. फोगा मोठी तोंडाळ.

"आता आपल्या गावात पोटुशी बाई पुढूनही ओळखू येते आणि मागूनही," ती म्हणाली. "नवरा विचारतो, तोंड कुठल्या बाजूला आहे तुझं?"

संध्याकाळी प्रार्थना आटोपली की माकेरिता सुनेचे पाय मांडीवर घ्यायची. दिवसभरात पाय सुजलेले असायचेच. ती तेल लावायची, नडग्या चोळायची, आणि मग तिथं उमटलेल्या खड्ड्यांशी बोलत बसायची. "आलीस का गं? जेवलीस का? ताईसारखी वाग हं, वहिनीला छळू नको." सकाळी पाय उतरलेले असायचे, खड्डे गेलेले असायचे. "गेली," माकेरिता म्हणायची आणि दिवसभर गप्प राहायची. मासिना हे सगळं पाहायची. तिनं वाइओलाला जिवंत कधी पाहिलं नव्हतं. पण आता तिलाही त्या नणंदेची सवय झाली होती. भीती वाटायची आणि कीवही यायची.

मग तो रविवार आला.

चर्च सुटल्यावर जेवण झालं. तापल्या दगडांवर भाजलेला तारो म्हणजे अळूचा कंद, नारळाच्या दुधातली पानं, मासे, आणि आग्रह करायला सासू. मासिनाला घशाशी आंबट आलं. जळजळ अशी की आडवं होववेना. करवंटीच्या दोरीनं कमरेला फोड आले होते म्हणून अंघोळीला ती सोडलेली, ती तशीच नळापाशी राहिली. मासिना चटयांच्या गुंडाळीला कुशीवर रेलली आणि रेलल्या रेलल्याच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. कमरेला हात गेला. करवंटी नाही!

ती धडपडत उठली. छाती धडधडत होती ती भीतीनं. पण कोणी बसलं नव्हतं. मेल्यासारखी झोप लागली होती, स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं.

"वाइओला रविवारची सुट्टी घेते की काय?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि एकदम गप्प झाली. पाचवीच्या वर्गाला ती दरवर्षी शिकवायची, घेवड्याचं एक बी उन्हात ठेवा, एक फडताळात. माती तीच, पाणी तेच. एकच गोष्ट बदला आणि मग बघा. पोरांना ती ओरडून ओरडून सांगायची. स्वतःला सांगायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दुपारी घरात कोणी नव्हतं. तिनं करवंटी बांधली, पण पुढं, छातीखाली. जिथं ती येऊन बसते तिथंच पहारा. पाठीवर निजली. छपराकडं बघत राहिली. वारा पडला होता. अंगणात कबर उन्हात चमकत होती. आणि आली. हळूच येऊन बसली. श्वास अडकला, कानांत शिट्टी वाजायला लागली. तिच्या पोटावर ती करवंटी श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि वाइओला त्या करवंटीला जुमानत नव्हती. मासिनानं सगळं बळ लावून डाव्या कुशीवर लोळण घेतली. ओझं उतरलं. थोडी दमली, पुन्हा उताणी झाली. पुन्हा आली. पुन्हा कूस. पुन्हा गेली.

मग मासिना उठून बसली आणि रडली. सुटल्यासारखं वाटलं म्हणूनही रडली. पण खरं म्हणजे तिथं कोणी नव्हतं, कधीच नव्हतं, हे कळलं म्हणून रडली. इतके दिवस ती ज्या बाईला भीत होती, जिच्याशी मनातल्या मनात बोलत होती, ती कुठंच नव्हती.

संध्याकाळच्या आत तिनं आणखी एक केलं. फडताळातला पिसुपोचा डबा घेतला. पिसुपो म्हणजे डब्यातलं खारवलेलं मांस. लग्न असो की मयत, त्या बेटावर त्याच्यावाचून पान हलत नाही. तो गच्च भरलेला डबा तिनं जुन्या लुंगीच्या पट्टीनं पाठीला बांधला आणि पुढच्या दुपारी खुशाल घोरली.

एनेलिकोला दाखवलं तर तो हसून लोळायचा बाकी राहिला. "भूत पिसुपोला घाबरतं! लेमानाला सांग, आमचं डुक्कर परत दे म्हणावं, डब्यात भागतंय!"

"अरे, डब्यात काही नाही आणि करवंटीतही काही नाही. पाठीला काहीतरी टोचलं की मला उताणं निजता येत नाही. मी उताणी निजले नाही की ओझं येत नाही. एवढंच आहे."

हसता हसता एनेलिको थांबला. अंगणात त्याची आई कबरीवरचा पाचोळा गोळा करत होती. "आईला सांगू नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दोन वर्षांनी ती कोणाशी बोलायला लागलीय."

मासिना गप्प बसली. इथंच चुकलं. थोडक्या दुखण्यात गप्प बसलं तर चालून जातं. पण त्यानंतर जे आलं ते थोडकं नव्हतं.

डोकं दुखायला लागलं. साधं नव्हे, घणाचे घाव बसावेत तसं, आणि थांबायचं नाव नाही. बोटातली अंगठी निघेना. सकाळी पाय उतरायचे ते उतरेनासे झाले, आणि पापण्यांवर अशी सूज चढली की आरशात तिला स्वतःचं तोंड परकं वाटलं. बरगडीखाली कळ, आणि मधूनच डोळ्यांपुढं काजवे. भर दिवसा. कूस बदलून बघितली, पाय उंच ठेवून बघितले, काही फरक नाही.

त्या दिवशी दवाखान्याची नर्स रुता लहान पोरांना डोस पाजायला गावात आली होती. चर्चमागच्या सावलीत तिनं मासिनाला बसवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. रुता नेहमी हसतमुख. ती हसली नाही.

"आत्ता निघायचं," ती म्हणाली. "उद्या नाही, संध्याकाळी नाही. दवाखान्याची गाडी दुसऱ्या टोकाला गेलीय. एनेलिकोची काढा."

"घरचे सुईला..."

"मला माहीत आहे. वाइओलाला आणलं तेव्हा मी तिथंच होते."

दोघी घरी पोचल्या तेव्हा घराभोवती पुन्हा गर्दी होती. सुनेचं डोकं दुखतंय म्हणून माकेरितानं लेमानाला बोलावून घेतलं होतं. तो मधोमध बसला होता, यावेळी दोन करवंट्या घेऊन.

"मला ठाऊकच होतं," तो म्हणाला. "पाठीची वाट आपण बंद केली, तर ती डोक्यात चढली. हुशार होती वाइओला पहिल्यापासून! आता छपराला गुंडाळलेल्या चटया चारी बाजूंनी खाली सोडा. बाई अंधारात राहील, डोक्याला करवंटी बांधून. अन्न नाही, पाणी नाही. भुताला भूक लागली की ते आपणहून जातं. आणि ही," त्यानं रुताकडं बोट केलं, "हिची सावलीसुद्धा पडता कामा नये. ही सुईवाली आहे."

"आई, मला दवाखान्यात जायचंय," मासिना म्हणाली. खांब धरून उभी राहिली होती. सगळी गर्दी तिला काजव्यांतून दिसत होती.

माकेरिता पांढरीफटक पडली. "नको गं माझे बाई. एक घालवली मी सुईनं."

"एनेलिको, तो डबा आण."

एनेलिको हलेना. तो आईकडं बघत होता, बायकोकडं बघत होता. मग मासिनाचा हात खांबावरून सुटताना त्यानं पाहिला, तिला सावरून बसवली आणि डबा घेऊन आला.

"बायांनो, मी ही करवंटी कधीच सोडलीय," मासिना म्हणाली. "इतके दिवस पाठीला हा डबा बांधून निजतेय. कोणी बसलं नाही छातीवर."

गर्दीत खसखस पिकली. लेमाना मात्र हुशार गडी, लगेच म्हणाला, "भूत फसवतंय तुला! मुद्दाम आलं नाही. तुझी श्रद्धा मोडायला टपलंय. अशी फार भुतं पाहिलीत मी, आत एक बाहेर एक."

"मग करवंटी पुढं बांधली तेव्हा का आलं?"

"पुढं? पुढं कशी चालेल? ती पाठीवरच पाहिजे!"

"का?"

"का म्हणजे? भूत पाठीमागून..."

"अगं बाई!" फोगा मध्येच ओरडली. ती आपली पाठ चाचपत होती. "पाठीवर असली म्हणजे उताणं निजताच येत नाही मेलं! टोचतं! मी तर कुशीवरच निजतेय तेव्हापासून. म्हणजे ह्या बाबाला मी बारीक विणीची चटई दिली ती कुशीवर निजायला?"

हशा झाला. पण माकेरिता हसत नव्हती. "आणि बोटं?" तिनं विचारलं. "माझ्या पोरीची बोटं उमटतात, ती?"

इतके दिवस मासिना जे बोलायचं टाळत होती ते आता आलं. ती चटईवर बसली आणि पाय पुढं केला. "आई, तुमचा अंगठा द्या. इथं दाबा. दाबून धरा. सोडू नका."

माकेरितानं अंगठा दाबला. कोणी पुटपुटत नव्हतं, कोणी मंत्र म्हणत नव्हतं. अंगणातून कोंबड्यांचा आवाज येत होता. "आता काढा," मासिना म्हणाली.

खड्डा पडला होता. माकेरिता त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं जरा वर दाबलं, उचललं. दुसरा खड्डा. त्याच्या शेजारी तिसरा. मग तिनं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "हे सगळे माझेच होते. रोज मीच तेल लावत होते."

"आईच्या हातात लेकच असते, माकेरिता!" लेमाना घाईनं म्हणाला. "तुझ्या हातातून तीच..."

"थांब रे बाबा," फोगानं आपला सुजका पाय गर्दीच्या मधोमध ठेवला आणि स्वतःच बोट दाबलं. "हे घे! पडला खड्डा! आणि मला तर मेलेली नणंदही नाही. दोन्ही जिवंत आहेत, आणि जिवंत आहेत तोवर भुतांची मला गरज नाही!"

रुता आतापर्यंत बाहेर उभी होती. ती पायरी चढली. "अंगात पाणी साठलं की दाबल्यावर खड्डा राहतो. दिवस भरत आले की बहुतेकींचे पाय सुजतात, उंच करून ठेवले की उतरतात. पाठीवर निजलं तर भरलेलं पोट मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाबतं. रक्त वर जायला अडतं आणि जीव घुसमटतो. कूस बदलली की सुटतं. ही सगळी भुतं मला घरोघर भेटतात. पण डोकं असं फुटायला लागलं, तोंड सुजलं, डोळ्यांपुढं काजवे आले, तर त्याला कूस बदलून चालत नाही, करवंटी बांधून चालत नाही आणि गप्प बसूनही चालत नाही. रक्तदाब चढलाय तिचा. आई आणि बाळ दोन्ही जातात यात."

माकेरिता लेमानाकडं वळली. "वाइओलाचं डोकं असंच दुखत होतं," ती सावकाश म्हणाली. "तोंडही असंच सुजलं होतं. म्हणायची, आई, घरात काजवे आलेत. आणि तू चटया सोडायला लावल्यास. अंधारात ठेवलंस माझ्या पोरीला. पाणी मागत होती ती."

लेमाना करवंट्या गोळा करायला लागला होता.

"पण सुई लागली आणि ती गेली, आई!" एनेलिको एकदम ओरडला. हे तो दोन वर्षांत पहिल्यांदा बोलत होता. "मी होतो तिथं. मीच नेली. सुई टोचली आणि..."

रुतानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एनेलिको, तू तिला आणलीस तेव्हा गाडीतच तिला झटके आले होते. आठवतंय? ते सुईच्या आधी. सुई झटके थांबवण्यासाठी होती. सुईनं तुझी बहीण गेली नाही रे. सुईपाशी पोचायला उशीर झाला. तू नेलीस ते बरोबर केलंस. फार उशिरा तुला नेऊ दिली."

एनेलिको खाली बसला. एवढा आडदांड माणूस, गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला.

माकेरिता मात्र रडली नाही. तिनं सुनेच्या चपला उचलल्या, हातात घेतल्या आणि लेकाच्या डोक्यावर टपली मारली. "नंतर रड. गाडी काढ."

गर्दी बाजूला झाली. लेमाना त्या गर्दीतून कधी सटकला ते कोणी पाहिलंच नाही.

दवाखान्यात मासिनाला सुई दिली. माकेरिता खाटेपाशी उभी होती. सुई आत जाताना तिनं सुनेचा हात असा आवळला की सुईपेक्षा तोच जास्त दुखला, असं मासिना पुढं सांगायची. मग डॉक्टरांनी बाळ वेळेआधीच बाहेर काढलं. मुलगी. एवढीशी, लाल, पण आवाज असा की दवाखाना उठून बसावा. मासिनाचा रक्तदाब उतरायला बरेच दिवस लागले. पण उतरला.

"नाव वाइओलाच ठेवायचं ना?" बघायला आलेली फोगा म्हणाली.

"नाही," माकेरिता म्हणाली. "तिचं नाव तिच्यापाशी राहू दे. हिला हिचं नाव."

घरी आल्यावर माकेरितानं एक काम केलं. गावातल्या सगळ्या पोटुश्या बायकांच्या कमरेच्या करवंट्या सोडवून आणल्या आणि त्यांच्यावर चुलीत पाणी तापवून नातीला न्हाऊ घातलं. करवंटी जळते छान. जुनी चटई काही परत आली नाही, आणि डुक्कर तर लेमानानं केव्हाच खाल्लं होतं. तो हल्ली बेटाच्या दुसऱ्या टोकाला असतो म्हणे, तिथंही माणसं जमतात.

आता गावात कोणाला दिवस गेले की माकेरिता आपणहून त्या घरी जाते. तिच्या बोलण्यात गोडवा नाही. "उताणी निजू नको. डाव्या कुशीवर निज, गुडघ्यांत लुंगीची घडी धर. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ कर, बोटं आपल्याकडं ओढ. जळजळलं तर थोडं थोडं खा आणि जेवल्या जेवल्या आडवी पडू नको. पाय सुजले तर उंच ठेव. हे सगळं होतं, सगळ्यांना होतं, त्याला कोणी लागत नाही. पण डोकं थांबेना, तोंड सुजलं, डोळ्यांपुढं काजवे आले, तर मला हाक मार. मी गाडीत घालते. सुईची भीती वाटली तर माझा हात धर."

एकदा एक नवी पोर, पहिलटकरीण, माकेरिताच्याच घरी आली आणि अंगणातल्या कबरीकडं बघत हळूच म्हणाली, "पण काकू, माझ्या छातीवर खरंच कोणीतरी बसतं. भूत नसतंच का हो?"

माकेरितानंही कबरीकडं पाहिलं. उन्हं कलली होती. मासिना खांबाशी मुलीला पाजत बसली होती.

"रोज संध्याकाळी मी तिला हाक मारत होते," माकेरिता म्हणाली. "रोज विचारत होते, जेवलीस का. येणं शक्य असतं ना पोरी, तर माझी वाइओला आईला सोडून दुसऱ्याच्या छातीवर कशाला गेली असती? माझ्यापाशीच आली असती. ती आली नाही. कोणी येत नाही गं. म्हणून तर सांगते, जाण्याआधी थांबवायचं. ऊठ, तुझा पाय बघू."